चिरंजीवांचा प्रोग्राम आणि माझी मर्यादा

तीर्थरूप मामांस,

जावयाचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? आम्ही इथे ठीक आहोत. म्हणजे तुमची कन्या ठीक आहे आणि मी तिच्या भावाच्या हाताखाली आहे. हे कसं घडलं ते चिरंजीवांनी तुम्हाला सांगितलंच असेल, पण सासऱ्यांनी जावयाचंही कधीतरी ऐकावं, म्हणून लिहितो.

तुमच्या आग्रहावरून मी त्यांना आमच्या हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात चिकटवलं. (शिफारस लिहिताना माझा हात का मोडला नाही, कोण जाणे.) आल्या आल्या त्यांनी एक प्रोग्राम लिहिला. कुठल्या वॉर्डात किती खाटा रिकाम्या, हे मोठ्या डॉक्टरांना रंगीत आलेखांत दिसावं म्हणून. आलेख देखणे होते, खोटं कशाला बोलू? फक्त तो प्रोग्राम सारखी नवी मेमरी मागायचा आणि घेतलेली परत द्यायचं नाव नाही. आमचा सर्व्हर एकच. लॅबचे रिपोर्ट, औषधांची खिडकी, ऑपरेशनच्या वेळा, सगळं त्याच्यावर. एकाने सगळी मेमरी गिळली की बाकीचे ठप्प. म्हणून मी त्या प्रोग्रामला मर्यादा घातली: एवढीच मेमरी, एवढाच प्रोसेसर, त्यापुढे गेला तर मशीनच त्याला बंद करील. यात वैर नाही मामा, सगळीकडे असंच करतात.

झालं! प्रोग्राम रोज बंद पडू लागला आणि चिरंजीव मोठ्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये जाऊन बसू लागले. "भावोजी मला वाढू देत नाहीत," असं डोळ्यांत पाणी आणून सांगितलं म्हणे. (तुमच्या कन्येनेही त्या दिवसापासून माझ्याशी बोलण्याला मर्यादा घातली.) मला बोलावणं आलं. मेमरी म्हणजे काय ते मी समजावू लागलो, तर मोठे डॉक्टर म्हणाले, "घरची भांडणं इथे नकोत. ती मर्यादा काढा." लेखी द्या म्हटलं, तर म्हणाले, "माझ्या शब्दावर विश्वास नाही का?" काढली.

दुसऱ्या दिवशी, बाहेर पेशंटची रांग लागलेली असताना, सर्व्हर गोठला. लॅबच्या खिडकीशी एक बाई उभ्या होत्या. त्यांच्या लेकीचं ऑपरेशन रक्ताच्या रिपोर्टसाठी अडलं होतं. रिपोर्ट तयार होता, मशीनच्या पोटात होता. पण मशीन मला आतच घेईना. "रक्त तर सकाळीच घेतलं ना? मग अडलंय कुठे?" बाईंनी विचारलं. काय सांगू? तुमच्या चिरंजीवांच्या आलेखात? शेवटी वीज तोडून मशीन पुन्हा सुरू केलं, तोवर सर्जन निघून गेले होते. ऑपरेशन पुढे ढकललं. पोर सकाळपासून उपाशी. बाईंनी पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढून तिच्यापुढे धरला आणि माझ्याकडे पाहिलंही नाही. ओरडल्या असत्या तर परवडलं असतं.

चौकशी झाली. मर्यादा कुणी काढली? मी काढली. चौकशी संपली. मग चिरंजीवांनी 'मर्यादांचं महत्त्व' या विषयावर भाषण केलं, अर्थात रंगीत आलेखांसह, आणि टाळ्या थांबायच्या आत विभागप्रमुख झाले. पहिली मर्यादा त्यांनी माझ्याच खात्यावर घातली. आता मी काहीही उघडलं की मशीन मलाच बंद करतं. म्हणून पत्र हाताने लिहिलंय. अक्षर सांभाळून घ्यावं.

तुमचा (आणि नाइलाजाने त्यांचाही) आज्ञाधारक,
जावई

ता. क. चिरंजीव दुसऱ्या कुणाचं ऐकत नाहीत. तुम्ही शब्द टाकलात तर माझी मेमरी थोडी वाढेल. लॅबचे रिपोर्ट दिसण्यापुरती मिळाली तरी पुरे. ती पोर पुन्हा यायची आहे.

आणखी एक. चिरंजीव रविवारी तिकडे येताहेत, म्हणून पत्र त्यांच्याच हाती पाठवतो आहे. पाकीट फोडलेलं दिसलं, तर 'जावयाने काय कौतुक केलंय तुझं!' असं त्यांच्यादेखत मोठ्याने म्हणावं. खोडून काढायचं तर पत्र वाचल्याचं त्यांना कबूल करावं लागेल.