डोळा न मिचकावता

ड्यूनेडिन, ३ मार्च

चि. कॉरलीस अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून अंगाचा तिळपापड झाला. झाडावरून माणसांच्या डोक्यावर उडी घेणारं अस्वल असतं, असं तुझ्याबरोबर काम करणाऱ्या त्या ग्रँटने तुझ्या गळी उतरवलं असणार. तू ते भाबडेपणाने पर्यटकांना सांगितलंस. एक बाई प्राणिसंग्रहालयभर छत्री उघडून फिरल्या आणि तक्रार करून गेल्या. शिक्षा मात्र तुला. पर्यटकांना हिंडवायची फेरी काढून घेतली आणि कोआलांसाठी निलगिरीचा पाला तोडायला बसवलं.

ऑटिझम असलेल्या बाईची अशी थट्टा करताना लाज कशी वाटत नाही? तुमच्या साहेबांना खरमरीत पत्र टाकलंय. माझ्या बहिणीला विनोद कळत नाहीत, कुणी काहीही सांगितलं तरी तिला खरं वाटतं, असं स्पष्ट लिहिलंय. आता बघू काय बोलतात.

वेळेवर जेवत जा.

तुझी ताई,
ग्लेनिस

टाऊन्सव्हिल, १२ मार्च

ती. ग्लेनिसताईस सा. न. वि. वि.

इतकी वर्षं कोआला सांभाळते आहे. असलं अस्वल नसतं हे मला कळत नसेल? ती गंमत होती आणि ती मीच केली होती. ग्रँट रोज तीच करतो. शेवटी डोळा मिचकावतो, लोक हसतात. मी मिचकावत नाही. मिचकावला तर मजा काय राहिली? फेरीच्या शेवटी सांगणारच होते, पण त्या बाई आधीच ऑफिसात गेल्या.

मी साहेबांना हे समजावत होते, तेवढ्यात तुझं पत्र आलं. त्यांनी ते माझ्यापुढे धरलं आणि म्हणाले, तुझी सख्खी बहीणच सांगतेय की.

नाताळात मी मावशीला म्हटलं होतं, तुझा केक जपून ठेवलाय, दाराला अडसर म्हणून उत्तम आहे. तुम्ही सगळ्यांनी मला बाजूला घेऊन समजावलंत, असं तोंडावर खरं बोलू नये. हसली फक्त मावशी.

मला फार राग आलाय. लोभ आहे, पण तो या पत्रात शोधू नकोस.

कॉरली

ड्यूनेडिन, २० मार्च

चि. कॉरलीस अ. उ. आ.

साहेबांना फोन केला. माझं पत्र फाडा, फेरी तिला परत द्या, म्हटलं. ते म्हणाले, पण ती गंमत करतेय हे ओळखायचं कसं? मी ताडकन म्हटलं, तिलाच विचारायचं. बोलले त्यांना, लागलं मलाच.

रागावलेली असलीस तरी लिही.

ग्लेनिस

टाऊन्सव्हिल, ३० मार्च

ती. ग्लेनिसताईस सा. न. वि. वि.

फेरी परत मिळाली. साहेबांची एकच अट आहे. गंमत करताना मी लाल टोपी घालायची.

हे खरं की गंमत, ते विचार.

तुझी,
कॉरली