छातीचा अर्थ

अमरावती, १४ नोव्हेंबर २००६, संध्याकाळ

शाळेतल्या गुरुजींचा आवाज आज दिवसभर कानात आहे. कविता घडाघडा म्हटली की टेबलावर छडी आपटून म्हणायचे, "पाठ झाली. आता अर्थ सांग."

सुमन वर्षभर सांगत होती, "छातीत दुखते जी." मी तिला हृदयाच्या डॉक्टरकडे नेत राहिलो. कार्डिओग्राम चांगला आला की मी खूश. छाती म्हणजे काय, हे बायकोला एकदाही विचारलं नाही. जन्मभर कविता वाचून हे!

परवा अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी पडद्याआड तपासलं. कॅन्सर नाही म्हणाल्या. दुधाच्या नळ्या सुजून पुन्हा पुन्हा पिकतात, ऑपरेशन करून काढाव्या लागतील. उद्या दाखल व्हायचं. पण बायकांच्या वॉर्डात सोबतीला बाईच हवी. सुनेचा आज निरोप आला, जमत नाही. त्यांचा कापूस लाल्या रोगानं गेला, ती दुसऱ्याच्या वावरात वेचणीला जाते. तेव्हापासून सुमन भिंतीकडे तोंड करून पडलीय. "राहू द्या. मले नाई जायचं." पुन्हा पू झाला तर?

एवढं लिहिलं आणि कडी वाजली. मागच्या गल्लीतली हलीमाबी, ब्लाउज शिवणारी. आजवर कधी आमचा उंबरा न चढलेली. हातात कपड्यांची पिशवी.

"सून नाई येत, आयकलं. भाभीसंगं मी राहीन दवाखान्यात."

"दुखणं तिनं सांगितलं तुम्हाला?"

"सांगाले कायले पायजे, भाऊ? वर्षभर भाभी एकाच बाजूले डबल अस्तर लावून घेऊन राहिली."