साखळीचे दोन पदर

ता. ९
खालचा मजला

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. मोठी बहीण आहे म्हणून लिहिला. मनातून निघालेला नाही.

परवा जिन्यात तू पाठ फिरवून वर गेलास, तेव्हाच ठरवलं की तुझं तोंड बघायचं नाही. म्हणून हे पत्र. तुझ्या खिडकीतून दोरीला लोंबणारी टोपली आजवर भाजी वर नेत होती, आता भांडण नेईल.

तुझ्या दाजींच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. उरलेल्या दोन बोटांनी फार तर चमचा धरता येईल, असं काल पट्टी बदलताना डॉक्टर म्हणाले. त्याच दुपारी तुझ्या जबाबाची नक्कल घरी आली. वर्कशॉपचा फोरमन या नात्याने तू लिहिलंस की साखळी ठीक होती, वजन मर्यादेत होतं, कामगाराने झटका दिला म्हणून साखळी तुटली. कामगार! पंचवीस वर्षं क्रेनच्या हुकाला ओझी अडकवणारा माणूस तो, आणि तुला त्या वर्कशॉपात चिकटवलं तेही त्यानेच. खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात ते हेच.

सोळा तारखेला चौकशी आहे. तुझा जबाब तसाच राहिला तर दोष त्यांच्या माथी बसेल आणि ते कायमचे घरी बसतील. जबाब मागे घे.

लोभ असावा असं लिहायची रीत आहे. तो आहे का, ते तुझं तू बघ.
ताई


ता. १०
वरचा मजला

ती. ताईस सा. न. वि. वि.
माझा नमस्कार खरा आहे, हातचं राखून केलेला नाही. पुढचं मात्र ऐकून घे.

दाजींचं मलाही वाईट वाटतं. पण वाईट वाटतं म्हणून खोटं लिहू का? ते लेथ यंत्राचं धूड दीड टनाचं. साखळी जुनी, म्हणून तिच्या एका पदरावर एक टनापेक्षा जास्त ताण द्यायचा नाही हा आमचा नियम. हुकापासून ओझ्याकडे उतरणारे पदर दोन. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला पाऊण टन. पाऊण हा एकापेक्षा कमी असतो, हे तुझ्या शाळेतलं शेवटच्या बाकावरचं पोरही सांगेल. मग साखळी तुटली कशी? हलतं ओझं एकदम अडवलं की त्याचा सगळा वेग क्षणात साखळीवर येतो. दाजींनी ते अडवलं असणार, दुसरं काय?

तू नवऱ्याची बाजू घेणार, घे. शाळेत विज्ञान शिकवतेस म्हणून वर्कशॉप कळतं असं नाही. फळ्यावर काढलेलं ओझं कुणाच्या हातावर पडत नाही.

आणि टोपलीला असले हिसके देऊ नकोस. कप्पी माझी आहे.

राग आटोपला की लोभ कर.
धाकटा


ता. १२

चि. धाकट्यास,
आशीर्वाद आज शिल्लक नाहीत.

आधी तुझा झटका बघू. क्रेन चालवणाऱ्या बाईंना मी घरी जाऊन भेटले. त्या म्हणाल्या की लेथ अधांतरी स्थिर होता, पुढे न्यायची घंटा वाजायची होती, तेवढ्यात कडी तुटली. जे हलतच नव्हतं ते अडवणार कोण?

आता तुझा हिशोब. शेडची तुळई बुटकी, लेथ दुसऱ्या यंत्रावरून पलीकडे न्यायचा, आणि लांब साखळीने तो तेवढा वर जाईना. म्हणून तू आखूड साखळी दिलीस. ती फार आडवी होतेय असं दाजी तुला तेव्हाच म्हणाले होते. त्यावर तू म्हणालास की वजन तेवढंच आहे ना, मग लावा. जबाबात यातलं एक अक्षर नाही. मांजर डोळे मिटून दूध पितं.

काल दुपारी अंगणातल्या धुण्याच्या दोरीच्या एका टोकाला मी बटाटे तोलायचा स्प्रिंगचा काटा बांधला आणि मधोमध दहा किलोची पाण्याची बादली टांगली. दोरी सैल होती तेव्हा काटा सहा किलो दाखवत होता. दोरी ओढून ताठ करत गेले तसा तो बारावर गेला, सोळावर गेला, वीसवर गेला. बादली तीच, पाणी तेच. तू पडद्याआडून बघत होतास, पडदा हलत होता. दोरी आडवी झाली की तिचा थोडाच जोर वजन उचलतो, बाकीचा दोन टोकं एकमेकांकडे ओढण्यात जातो. तुझा एकेक पदर चार फुटांचा आणि हूक लेथच्या कड्यांपासून जेमतेम फूटभर वर. म्हणजे ताण वाटणीच्या चौपट. पाऊण टन नाही रे, तीन टन! आणि नियम म्हणे एकाचा.

दोन पदर म्हणजे निम्मं निम्मं, हे कुठल्या शहाण्याने शिकवलं तुला? त्यालाही चौकशीत उभा कर.
ताई


ता. १३

ती. ताईस,
शहाणा नाही, शहाणी.

टोपलीत माझी जुनी वही आहे. सतरावं पान उघड आणि अक्षर ओळख. फोरमनच्या परीक्षेआधी तू मला स्वयंपाकघरात खाली बसवलंस, भरलेली बादली दोघांनी मिळून उचलायला लावलीस, आणि मग तांबड्या शाईने लिहून दिलंस: दोन पदर असले की वजन निम्मं निम्मं. डोळे मिटून लिही. मी अठरा वर्षं डोळे मिटूनच लिहीत आलो. तेव्हा मला दुसरं कोण शिकवणार होतं? माझी ताई हुशार, ती म्हणेल ती पूर्व दिशा.

सोळाला ये, आणि हे पान सगळ्यांसमोर वाचून दाखव. मग माझ्याकडे बोट दाखव.

लोभाचं तुझं तू ठरव.
धाकटा


ता. १४

चि. धाकट्यास,
अक्षर माझंच आहे. काल दिवसभर ते पान उघडून बसले, पोळ्या करपल्या.

पदर उभे असतील तर निम्मं निम्मं. 'उभे' हा शब्द मी लिहिला नाही. परीक्षेत सरळ उभे पदरच विचारतात म्हणून घाईत गाळला. मला लाज वाटते आणि ती दाजींसमोरही सांगितली. ते डाव्या हाताने वहीची पानं उलटत राहिले.

सोळाला मी वही घेऊन येणार आणि माझी चूक वाचणार. पण हे कान उघडून ऐक. मी गाळलं ते चुकून. दाजींनी तुला जे सांगितलं, ते तू जबाबातून जाणूनबुजून गाळलंस. त्याचं खापर माझ्या शाईवर फोडू नकोस.
ताई


ता. १६

ती. ताईस सा. न. वि. वि.
तू वही काढायच्या आत मी उठलो, ते तुझ्यासाठी नव्हतं. साहेबांनी दाजींना विचारलं की तुम्ही फोरमनला काही सांगितलं होतं का, आणि दाजी खाली बघत राहिले. ते मला बघवेना. म्हणून सगळं सांगून टाकलं. आखूड साखळी मी दिली, ती आडवी होतेय हे त्यांनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.

दाजी सुटले, साखळ्या तपासायच्या कामावर राहतील. मी उद्यापासून भांडारात नट-बोल्ट मोजणार. तू बाहेर येऊन माझ्या पाठीवर हात ठेवलास, तो मी झटकला. अजून राग आहे, तो इतक्यात जायचा नाही.

नवा फोरमन शिकाऊ मुलांना शिकवायला ती वही मागतोय. टोपली सोडली आहे. गाळलेला शब्द वहीत तांबड्या शाईनेच लिही. खाली साखळी तपासणारे म्हणून दाजींची सही घे, डाव्या हाताची चालेल.
धाकटा


ता. १८

चि. मेहुण्यास,
अ. आ. डाव्या हाताचं हे पहिलंच पत्र, अक्षराला हसू नकोस.

ताईने शब्द लिहिला. खाली माझी सही आहे.

एक गोष्ट मी चौकशीत सांगितली नाही. साखळी तेवढी आडवी झाली की तुटते, हे मला पंचवीस वर्षं ठाऊक आहे. फोरमन परका असता तर मी त्या ओझ्याला हात लावला नसता. तू घरचा. चारचौघांत तुझा शब्द कसा मोडायचा, म्हणून लावला.

लोभ असावा, पण कामावर नको.
दाजी