लाल पंप आणि इल्माचा सलाम

१ नोव्हेंबर, सोमवार
अपंग मुलांच्या या केंद्रात मी सगळ्यांची खाला, म्हणजे मावशी; मुलांना भरवते, सांभाळते. आज केंद्र चालवणाऱ्या रागिनी दीदींनी वही दिली. म्हणाल्या, मुलांची प्रगती लिहा. मुलांची त्यांच्या रजिस्टरात आहेच, म्हणून यात मी माझी लिहिणार. शाळा पाचवीपर्यंत झाली, पण अक्षर दीदींपेक्षा बरं.
संकल्प: आजपासून आवाज चढवायचा नाही. दीदी म्हणतात, "मुनव्वर खाला, तुम्ही ओरडलात की केंद्रातली मुलं दचकतात." कारखान्यामागच्या तळ्यातलं विष आईच्या पोटात पचवून आलेली ही मुलं, ती माझ्या आवाजाला दचकणार? असो. संकल्प म्हणजे संकल्प.

त्याच दिवशी, ११ वाजता
गल्लीतली पोरं फाटकासमोरच्या लाल पंपावर पाणी पीत होती. पंपाला लाल रंग काय शोभेला दिलाय? तळ्यातलं विष त्यात झिरपतं म्हणून दिलाय. ओसरीतूनच ओरडले, "थुंक!" सहाजण थुंकले. एक सायकलवालाही थुंकला. याला चढवणं म्हणत नाहीत. हे कामच आहे.

३ नोव्हेंबर
पंचवीस तारखेला परदेशातल्या ट्रस्टचे पाहुणे येणार. मुलांना आणणारी व्हॅन त्यांच्याच देणगीवर चालते. मुलांत फरक दिसला तर व्हॅन पुढे चालू, नाहीतर बंद.
व्हॅन बंद म्हणजे इल्मा बंद. रेल्वेलाइनच्या पलीकडे राहते. सहा वर्षांची, पाय काडीसारखे, तोंडातून अजून एक शब्द नाही. तिची आई शहनूर तिला पाठीवर आणील म्हणा, पण किती दिवस? तिचीच पाठ गेलेली. मला काय, एक डोकं कमी होईल.
तरी दीदींना सांगून टाकलं, पंचवीसला इल्मा सलाम म्हणेल. दीदी म्हणाल्या, "खाला, शब्द त्याच्या वेळेनं येतो." या भोपाळात टँकरसुद्धा वेळेनं येत नाही, आणि शब्द येणार!

४ नोव्हेंबर
पहिला धडा. इल्माला ओसरीतल्या तिच्या खुर्चीत बसवून चाळीस वेळा सलाम म्हटलं. ती माझ्या खांद्यावरून पंपाकडे बघत होती. शेवटी ओठ हलले. बिस्किट असावं.

९ नोव्हेंबर
शहनूर फार बोलते. आज म्हणे, "खाला, सगळ्या वस्तीला थुंकायला लावता आणि घरी स्वतः पंपाचंच पिता!" म्हटलं, टँकरचे दोन डबे मिळतात, ते नातवंडांना. माझं पोट लोखंडाचं आहे. इतकी वर्षं पितेय, काही झालंय? हातावर चट्टे आहेत ते साबणानं. गुडघे वयानं. चक्कर येते ती शहनूरच्या बडबडीनं.

१८ नोव्हेंबर
काल ईद झाली. इल्माला आज शेवया भरवताना म्हटलं, आधी सलाम, मग घास. तिनं माझं बोट चावलं. जबडा मजबूत आहे. दीदींना म्हटलं, प्रगतीत लिहा. त्यांनी नाही लिहिलं.

२४ नोव्हेंबर
रंगीत तालीम. इल्मा आतल्या आत म्हणते. मला ऐकू येतं. उद्या बाहेर येईल.

२५ नोव्हेंबर, दुपारी ३
डोकं ठिकाणावर नाही, तरी लिहिते.
टँकर सकाळपासून आलाच नाही. डबे रिकामे. अकराला पाहुणे दारात. पुढे पिकल्या केसांची उंच बाई, नाव उर्सुला. घरी आलेल्या माणसाला चहाविना पाठवायचं, तेही भोपाळात? मेल्यावर कोणत्या तोंडानं उत्तर देऊ? गपचूप पंपावर गेले, किटली भरली. खळखळून उकळलं. आमच्या भोपाळी रीतीनं चहात मीठ घातलं, वर जाड मलई टाकली. मिठाच्या चहात कोणाला काय कळतंय? हेच दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी तिचे केस उपटले असते. पण माझी गोष्ट वेगळी, मला उकळता येतं.
बाई ओसरीत बसलेल्या इल्मापुढे वाकली. हातात कप. मी मागून खूण करतेय, सलाम, सलाम. इल्मानं पंपाकडे पाहिलं, मग किटलीकडे, मग कपाकडे. आणि अगदी माझ्याच आवाजात ओरडली,
"थुंक!"
जन्मातला पहिला शब्द. शहनूर तिथेच रडायला लागली. बाईनं दीदींना विचारलं, काय म्हणाली? दीदी घाईनं म्हणाल्या, तुमचं स्वागत करतेय. बाईला कोण आनंद! हसत हसत कप उचलला आणि मोठा घोट घेतला.
गप्प बसले असते तर व्हॅन पक्की होती. पण माझं तोंड.
"थुंक!" मी ओरडले. इल्मानंही साथ दिली. बाईला हिंदी येत नाही, पण कळलं. तुळशीच्या कुंडीत थुंकली.
मग मी सगळं सांगितलं. दीदींना ते तिच्या भाषेत सांगावं लागलं. सांगताना त्या कुंडीकडे बघत होत्या.

२ डिसेंबर
पत्र आलं. व्हॅन चालू राहणार. इल्माचं नाव लिहिलंय, माझं नाही. केंद्राला पिण्याच्या पाण्याची वेगळी टाकी मिळणार. खाली एक ओळ: पाहुण्यांचा चहा यापुढे बाहेरून मागवावा.
दीदींनी रजिस्टरात लिहिलं: पहिला शब्द, थुंक. कोणी शिकवला तो रकाना कोरा सोडला.

४ डिसेंबर
शहनूर बाजारात गेली, इल्माला माझ्या घरी ठेवून. आता ती दिवसभर तेवढंच म्हणते. शेवयांना, औषधाला, दीदींना. सलाम पुढच्या महिन्यापर्यंत नक्की येईल.
दुपारी तहान लागली. पंपाच्या पाण्याच्या मडक्यातून पेला भरला, तोंडाला लावला.
मागून, "थुंक!"
वळून पाहिलं. चटईवर बसून माझ्याकडे बोट. डोळे वटारलेले, हुबेहूब मी.
माझं पोट लोखंडाचं आहे, असं तिला सांगणार होते. पण तोंडात पाणी होतं.
थुंकले.