मागच्या कोऱ्या बाजूला

प्रिय भिंगरी,

अक्षर तुझ्या आईचं, बोलणं माझं. मध्येच कुठे तिची स्तुती आली तर ती तिने स्वतः घुसडली असं समज. आत्ता हसली, पण हेही लिहिलंन. प्रामाणिक आहे बिचारी.

मी बरी आहे. गुडघे माझ्याआधी म्हातारे झालेत, एवढंच. पण परवापासून हातपाय गार पडलेत, आणि ते काही वयामुळे नव्हे. तू फोनवर म्हणालीस ना, दुकानाच्या कर्जाचे दोनच हप्ते राहिले, मग नोकरी सोडून शिकायला जाणार? मला वाटलं, घर माझं गहाण पडलंय, तर कागद कधी सुटतात ते मीच जाऊन विचारावं. ठेवणीतले कपडे घातले आणि तुझ्या बाबाबरोबर बँकेत गेले. टेबलामागे तुझ्याच वयाची मुलगी. तिने पडद्यावर बघितलं आणि म्हणाली, आजी, दोन नाही, सत्त्याऐंशी राहिलेत. मी म्हटलं, बाई, हप्ते विचारले, माझं वय नाही. ती हसली नाही. बाबाही हसला नाही.

तिने समजावलं ते असं. कर्ज घेतलं तेव्हा व्याज सात टक्के होतं, पण ते बांधलेलं नव्हतं. बाजारात दर चढला की आपलाही चढणार. तो चढत चढत साडेनऊवर गेला. बँकेने हप्ता तेवढाच ठेवला आणि वर्षं वाढवली, पंधराची बावीस! आपण भरत होतो ते बरंचसं व्याजातच जिरत होतं, आणि हप्ता बदलला नाही म्हणून आपण निर्धास्त. दूधवाल्याने भाव तोच ठेवून माप लहान केलं असतं, तर मी त्याला दारात उभा केला नसता. मी म्हटलं, अगं, कळवायचं तरी! ती म्हणाली, दर बदलला की प्रत्येक वेळी पत्र पाठवलंय, आजी.

पत्रं! आजोबांचा नियम तुला ठाऊकच आहे. पाठकोरा कागद फेकायचा नाही. बुटाच्या मापासाठी गिऱ्हाइकाला त्यावर उभं करायचं, पावलाभोवती पेन्सिल फिरवायची, आणि ते माप खिळ्याला लावून गिऱ्हाईक मरेपर्यंत जपायचं. परत येऊन बाबाने खिळ्यावरची चळत काढली, एकेक कागद उलटला, आणि तुझी आई वाचत गेली. शिक्षिकाबाईंच्या वाकड्या करंगळीमागे साडेसात. पोलिसाच्या सपाट पावलामागे सव्वाआठ. दंतवैद्याच्या मागे नऊ. व्याज आमच्या डोक्यावर चढत होतं आणि आम्ही त्याच्या पाठीवर लोकांचे पाय काढत बसलो होतो! बाबा कागद ठेवून कामाला बसला. तेव्हापासून एकच तळवा शिवतोय आणि उसवतोय. तुला लावायला फोन उचलतो आणि ठेवून देतो.

आजोबांच्या वेळी पैशांचे दोन डबे होते, गोल घराचा, चौकोनी दुकानाचा. बाबाने दोन्ही एक केले, त्यातच तू सहा वर्षं पाठवलेले पैसे पडले. दुकान स्वतःच्या पायावर उभं आहे की तुझ्या, हेच कोणाला कळेना. चामडं दोनदा महागलं, याने बुटाची किंमत एका पैशाने वाढवली नाही. वाढवेल कशाला? तोटा दिसायच्या आत तू भरून काढत होतीस. आता डबे पुन्हा वेगळे केलेत आणि सोमवारपासून भाव नवे. माझ्या शेवटच्या आजारपणासाठी ठेव आहे ना, तीही त्याच बँकेत. बँकेतल्या त्या मुलीला विचारलं, ठेवीवर मला काय देता? सहा, म्हणाली. म्हणजे माझेच पैसे सहाने ठेवून घ्यायचे आणि मलाच साडेनऊने द्यायचे! ती ठेव मोडून कर्जात भरतेय. सत्त्याऐंशीचे एकोणचाळीस होतात, आणि तेवढे दुकान भरेल. आजारपण आलंच तर त्यालाही हप्त्याने ये म्हणून सांगू.

आता ज्यासाठी तुझ्या आईला बसवलं ते. बाबा म्हणेल, चूक माझी. ते खोटं आहे. टपालवाला यायचा तेव्हा बाबा जेवायला गेलेला असायचा. पाकीट मी घ्यायची, मीच फोडायची आणि कोरी बाजू वर करून मीच खिळ्याला लावायची. कोणाकडून वाचून घ्यावं असं मनात यायचं, नाही असं नाही. लाज वाटायची. मी माझ्या अंगठ्यावर विनोद करते म्हणून तुम्हाला वाटतं, हिला काही वाटत नाही. हे तुझ्या आईलाही आत्ताच कळतंय, तिचा हात थांबलाय. लिही गं. तर भिंगरी, यापुढे एक पैसा पाठवायचा नाही आणि ठरल्या दिवशी शिकायला जायचं. सहीसाठी अंगठा देणार नाही, त्याने पुष्कळ करून ठेवलंय. पान उलट. ते माझं पाऊल आहे. पेन्सिल बाबाने फिरवली, कशाला ते त्याला सांगितलं नाही. शेजारी जागा सोडलीय, तुझं पाऊल काढून पान परत पाठव. कॉलेजात जाशील ती आपल्या दुकानाचे बूट घालून. आणि काळजी करू नकोस, या वेळी मागचं वाचून घेतल्याशिवाय खिळ्याला लावणार नाही.

तुझीच,
पाठीमागच्या पावलाची आजी