सिसिलीचा कान

प्रिय एडमंड,

तुझं पत्र पोचलं, चीजही पोचलं. चीज जरा खारट आहे. तू लिहितोस, ‘ताई, तुमच्या शहरात भटक्यांचा सुळसुळाट झालाय, आळशी मेले, त्यांना लाडावू नकोस.’ सकाळच्या प्रार्थनेनंतर मी ते दोनदा वाचलं. देवानं क्षमा करावी, पण तेव्हापासून माझं डोकं तापलंय.

मंगळवारी मी मेणबत्त्या आणायला निघाले होते. वाटेत शिपाई काही भटक्यांना एका दोराला बांधून न्यायसभेकडे नेत होते. त्यांत आपली सिसिली होती. आई गेल्यावर जिनं तुला आपल्या लेकाबरोबर अंगावर पाजलं, ती. मी तशीच मागोमाग गेले.

न्यायाधीश म्हणाले, “हातपाय धड आहेत, मग काम का करत नाहीस?”

“करत होते, साहेब. गावच्या कुरणात माझी गाय चरायची, सुगीला मी कापणीला जायचे. आता कुरणाला कुंपण आहे आणि शेतात मेंढ्या. मेंढ्यांना कापणीवाली लागत नाही.”

लोक हसले. मागून एक खाटीक म्हणाला, “मग तूच मेंढी हो की. चारा तरी मिळेल.”

गावाचा परवाना न घेता ती बाहेर पडली, हा तिचा गुन्हा. का नाही घेतला, ते तिनं मला नंतर सांगितलं. गावचा जमीनदार म्हणून परवान्यावर सही तुझी लागते. तू म्हणालास, “आधी खोपट रिकामं कर.” तिनं केलं. तू ते पाडलंस आणि सही न करताच लोकर विकायला निघून गेलास. आजोबांच्या वेळी अशा माणसाला मठाच्या दारात भाकरी तरी मिळायची. राजानं मठ मोडले ते धर्माला धरूनच झालं, असं मी मानते. पण ज्यांनी मठाची जमीन घेतली त्यांनी ती भाकरी द्यायचं का नाही घेतलं अंगावर? त्यांत आपले वडीलही होते. धान्य दरवर्षी महाग होतंय, मजुरी आहे तिथेच आहे, आणि आळशी म्हणे सिसिली.

शिक्षा ठरली: फटके, आणि उजव्या कानातून आरपार तापलेली सळई. एखाद्या घरंदाज माणसानं वर्षभर चाकरीला ठेवलं तरच सुटका. न्यायाधीशांनी विचारलं, “हिला कुणी घेतंय का?” कुणी हललं नाही. शेगडीत सळई लाल झाली होती. मी उभी राहिले.

रात्री तुझे मेहुणे रॉजर म्हणाले, “आणखी एक तोंड?” मी म्हटलं, “माझ्या ताटातलं खाईल.”

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. कुंपण कुणी घातलं, असं न्यायाधीशांनी तिला विचारलं होतं. तुझं नाव तिच्या तोंडून निघेना. म्हणून भरल्या सभेत ते मी सांगितलं, माझा सख्खा भाऊ आहे हेही सांगितलं. तुझी लोकर घेणारे व्यापारी तिथे बसलेच होते. दुसऱ्याकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं. जत्रेला येशील तेव्हा नेहमीसारखा इथेच उतर. जेवायला सिसिली आपल्याबरोबर बसेल. तू तिच्याकडे बघून जे बोलायचं ते बोलेपर्यंत मी जेवणाआधीची प्रार्थना सुरू करणार नाही, आणि त्याशिवाय या घरात कुणी घास उचलत नाही.

तुझीच, अजूनही, बहीण
उर्सुला