चुलीवरचा डावा हात

चामटोली
९ जानेवारी २०२५

ती. बनूआत्यास,
जिज्ञासाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाइलवरची अक्षरं दिसत नाहीत, म्हणून हे पत्र मोतीबाईंच्या पाटीतून पाठवतेय. त्या रोज इथून तुमच्या उल्हासनगरच्या कॅम्प चारला भाजी विकायला येतात. कागदाला मेथीचा वास आला तर मला बोल लावू नकोस.

गावामागच्या डोंगरातल्या कपारीत आमचं उत्खनन सुरू होऊन तीन आठवडे झाले. तिथे हजारो वर्षांपूर्वी माणसं राहायची असं आमच्या प्रमुख संजीवनी मॅडमना वाटतं, कारण उतारावर दगडी पाती सापडलीयत. मी दिवसभर ब्रशने माती झाडते. बाबा म्हणतात, एवढं शिकवलं ते झाडलोट करायला का!

सोमवारी मला खणायला दिलेल्या चौकोनातच शेळ्यांच्या लेंड्यांखाली मातीची एक चूल लागली. तिच्या कुशीवर डाव्या हाताचा पंजा उमटलाय आणि करंगळी अर्धीच आहे. आत्या, मी अक्षरशः नाचले. मला वाटलं, झालं, आपलं नाव पेपरात येणार. तेवढ्यात शेजारीच हिरव्या काचेच्या बांगडीचा तुकडा निघाला आणि माझा सॉलिड पचका झाला. मॅडम म्हणाल्या, पन्नास-साठ वर्षांपूर्वीची, कुणा गुराख्याची असेल. येत्या बुधवारी ती फोडून आम्ही खाली जाणार.

गुडघ्याला तेल लावतेस ना? माया आहेच, पत्रातूनही येऊ दे.

तुझी
जिज्ञासा

---

उल्हासनगर, कॅम्प ४
१० जानेवारी

चि. जिज्ञासास अनेक आशीर्वाद.

ती चूल फोडू नका. आधी एवढं लिहिते, बाकीचं मागून.

गुराख्याची कसली आलीय! ती माझ्या आईची चूल आहे. चांगुणा तिचं नाव, तुझी आजी. तुझ्या बापाला विचारू नकोस, नाथा तेव्हा चार महिन्यांचा होता, झोळीत पडून रडायचा. मी सहा वर्षांची. दिवाळी झाली की आम्ही महिनाभर त्या कपारीत राहायला जायचो, डोंगरावरचं गवत कापायला. गवत कापतानाच विळा लागून तिची डावी करंगळी अर्धी गेली होती. चूल लिंपून झाली की ती डाव्या हाताचा पंजा उठवायची. मी विचारलं होतं कशाला, तर म्हणाली होती की पुढल्या साली दुसरं कुणी आलं तर त्यांना कळायला नको का चूल कुणाची ते! पुढलं साल आलंच नाही. डोंगरावरून उतरलो आणि पंधरा दिवसांत तापाने गेली.

तिचा एक फोटो नाही गं माझ्याकडे. तोंडसुद्धा आता आठवत नाही, नुसता हात आठवतो. भलामोठा. धुराने डोळे चुरचुरले की तो हात माझं अख्खं तोंड पुसायचा. मला एकदा त्या पंज्यात हात ठेवायचाय. मग खुशाल फोडा. पण हे गुडघे! जिना उतरायला मला अर्धा तास लागतो, डोंगर काय चढणार कपाळ.

आणखी एक, तुझ्या मॅडमला सांग. ती चूल आईने उगीच कुठेही मांडली नव्हती. मूठभर गवत पेटवून ती अर्धा दिवस कपारभर फिरली होती, धूर कुठून बाहेर जातो ते बघत. तिथेच वर भेग आहे. हजारो वर्षांपूर्वीची बाई काय तिच्यापेक्षा बावळट होती का? तिनेही तिथेच विस्तव केला असेल. खणायचंच तर त्याच्या खाली खणा.

रडत लिहिलंय, अक्षर लावून वाच. शेजारच्या सिंधी भाभी तीनदा विचारून गेल्या, क्या हुआ म्हणून. आता त्यांना काय सांगू?

तुझी
बनूआत्या

---

चामटोली
११ जानेवारी

ती. बनूआत्यास सा. न. वि. वि.

पत्र मॅडमना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या की चूल काढावी तर लागेलच, नाहीतर खालचं काही कळणार नाही. पण फोडणार नाही, हात मोडल्यावर बांधतात तशी प्लॅस्टरने बांधून अख्खी उचलू. माती ठिसूळ आहे, तडा जाऊ शकतो, हेही त्यांनी लपवलं नाही. म्हणून त्याआधी तू यायचंस.

संक्रांतीला, मंगळवारी, बाबा रिक्षा घेऊन येतील. पायथ्यापासून पुढे प्लॅस्टिकच्या खुर्चीला बांबू बांधून इथले भगवानकाका आणि त्यांचे तीन भाऊ तुला वर नेतील. लाजू नकोस. वजन विचारलं त्यांनी, मी दहा किलो कमी सांगितलंय.

माझ्या आजीच्या चुलीवर मी नाचले आणि मला पत्ताच नव्हता. कसंतरीच वाटतंय. लवकर ये. तिळगुळापेक्षा तूच हवीस.

तुझी
जिज्ञासा

---

चामटोली
२७ जानेवारी

ती. बनूआत्यास सा. न. वि. वि.

चूल निघाली. मागची कड ढासळली, पण पंजाची बाजू अख्खी आहे. नोंदीत मॅडमनी स्वतःच्या हाताने लिहिलं, चूल मांडणारी: चांगुणा. म्हणाल्या, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच या रकान्यात नाव लिहिता आलं.

आणि ऐक! तिच्या बरोब्बर खाली, दीड हातावर, तीन दगड निघाले. मधली माती भाजून लाल झालेली, राख, कोळसा आणि बाजूला दगडी पाती. किती जुनं ते कोळसा तपासल्यावरच कळेल. पण जागा तीच, तुझ्या भेगेखालची. मॅडम सगळ्यांना सांगत सुटल्यात की ही जागा एका आजीबाईंनी दाखवली.

पण मला एक गोष्ट खातेय. तू पंजावर हात ठेवलास, लगेच काढलास, आणि मग खुर्चीत बसून खाली येईपर्यंत एक शब्द बोलली नाहीस. तिळगुळही नुसता हातात धरून ठेवलास. आम्ही तुला उगाच नेलं का? दुखलं का तुला? बाबाही काळजीत आहेत. रागावली असशील तर तसं लिही, पण लिही.

तुझी
जिज्ञासा

---

उल्हासनगर, कॅम्प ४
२८ जानेवारी

चि. जिज्ञासास अनेक आशीर्वाद.

रागावले नाही गं. उलट साठ वर्षांचा राग त्या डोंगरावर ठेवून आले. कुणाला कधी बोलले नव्हते, तुला सांगते.

मला तिचा राग यायचा. नाथाला कडेवर घेऊन फिरताना यायचा, लोकांकडे ताक मागायला जाताना यायचा. माझ्या लग्नात तर फार आला. एवढी मोठी बाई, एवढी खंबीर, आणि साध्या तापाने आम्हाला टाकून गेली. तिने मनावरच घेतलं नाही, असं वाटायचं.

त्या दिवशी हात ठेवला, तर माझा हात त्यात मावला नाही. बोटं बाहेर आली. मला वाटलं चुकून दुसरीकडे ठेवला, म्हणून काढून बघितला. पण अर्धी करंगळी तिचीच. मॅडम म्हणतील, माती सुकून आक्रसते. आक्रसू दे, पण एवढी नाही आक्रसत.

मग हिशोब केला. मी झाले तेव्हा ती सोळाची, म्हणजे गेली तेव्हा बावीस. तुझ्याहून पाच वर्षांनी लहान. हात मोठा नव्हता गं, माझं तोंड लहान होतं. खुर्चीत बसून खाली येताना मी तेच घोकत होते. जिज्ञासा, पोर होती गं ती. माझ्यासमोर आत्ता आली असती तर मीच तिचं तोंड पुसलं असतं.

तुमच्या त्या तीन दगडांवरही कुणी पोरच बसली असेल. जपून झाड.

नाथाला सांग, काळजी नको. तिळगुळ घरी येऊन खाल्ला. तू अशीच लिहीत राहा, मेथीच्या वासासकट.

त्या पोरीची मुलगी
बनू